कसबा ते कस्सारो

पालेर्मो शहरात झीझा नावाचा एक जुना महाल आहे. तिथे भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे, ११४९ सालची. ग्रिसान्तो नावाच्या पाद्र्यानं ती आपल्या आईसाठी कोरून घेतली. आईचं नाव आन्ना. मजकूर चार वेळा लिहिलाय : वर हिब्रू अक्षरांतली अरबी, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक आणि खाली अरबी लिपीतली अरबी. साल चारही ठिकाणी वेगळं येतं, कारण ते ज्याच्या त्याच्या कालगणनेनं मोजलंय. गावातल्या कुणीही यावं आणि आपल्या लिपीत वाचावं की माझी आई गेली.

मी त्या पाटीसमोर उभी होते तेव्हा माझी आई जाऊन पाच महिने झाले होते. मी तिथे किती वेळ होते ते मला सांगता येणार नाही. बरोबरचे लोक पुढच्या दालनात जाऊन परत आले, एवढं आठवतं.

पालेर्मो हे सिसिली बेटावरचं शहर. ८३१ मध्ये पालेर्मो अरबांच्या हाती गेलं, १०७२ मध्ये उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन सरदारांनी ते जिंकलं. पण जिंकल्यावर त्यांनी आधीचे कारागीर, कारकून आणि माळी हाकलले नाहीत. राजा दुसरा रॉजर याच्या खासगी प्रार्थनाघरात भिंतींवर बायझंटाइन पद्धतीची सोनेरी कुट्टिमचित्रं आहेत आणि वर मान केली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कोरलेलं लाकडी छत, जे कैरोच्या किंवा फेझच्या माणसाला घरचं वाटावं. छतावर वादक, नर्तकी, बुद्धिबळ खेळणारे लोक रंगवलेत, आणि त्यांच्याभोवती अरबी अक्षरं. अशा नऊ वास्तूंना युनेस्कोनं २०१५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या पाहत जायची एक वाटच तिथे आखलेली आहे. शहराच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्याला लोक आजही कस्सारो म्हणतात. मूळ शब्द अल-कस्र, म्हणजे किल्ला.

त्या रस्त्यावरून चालताना मला सारखा कसबा आठवत होता. कसबा हाही अरबीतूनच आलेला शब्द. पुण्याची पहिली वस्ती, ग्रामदैवत कसबा गणपती, मानाचा पहिला; त्याच्या नावातला पहिला शब्द अरबस्तानातून चालत आलेला. लहानपणापासून हजार वेळा उच्चारलं असेल, कधी जाणवलं नव्हतं.

पुण्याला आल्यावर मी मामाला फोन केला. मामानं आयुष्यातली बरीच वर्षं मोडी कागद वाचण्यात घालवलीत. म्हटलं, अशी एक वाट आपल्या गावात काढायची आहे, येतोस का? तो म्हणाला, "सकाळी सातला त्रिशुंड्यापाशी ये. चपला चांगल्या घाल."

त्रिशुंड गणपतीचं देऊळ सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी. गल्लीत शिरेपर्यंत दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा क्षणभर आपण पुण्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. पुण्याची देवळं म्हणजे लाकडी सभामंडप, चुन्याचा शिखराकार कळस, साधी भिंत. इथे मात्र काळ्या पाषाणाची दर्शनी भिंत तळापासून वरपर्यंत कोरलेली : द्वारपाल, मोर, पोपट, हत्ती, दारावर गजलक्ष्मी. इंदूरजवळच्या धामपूरचे भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधकाम सुरू केलं, ते १७७० मध्ये पुरं झालं. कामात राजस्थान आहे, माळवा आहे, दक्षिणही आहे. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला.

मामानं मला दर्शनाआधी भिंतीपाशी नेलं. तिथे एक गेंडा आहे. एकशिंगी, जाड कातडीच्या घड्या नीट दाखवलेल्या, आणि त्याला साखळीनं बांधणारे बंदूकधारी गोरे शिपाई. टोप्या, अंगातले तंग डगले, सगळं ओळखू येतं. बंगाल आणि त्यापलीकडचा मुलूख इंग्रज ताब्यात घेत होते त्याचं हे चित्र, असं अभ्यासक मानतात. प्लासीची लढाई १७५७ ची. म्हणजे देऊळ बांधून होत असताना ती बातमी सोमवार पेठेत पोचली होती आणि छिन्नी हातात असलेल्या एका माणसाला ती देवाच्या दारात लिहून ठेवावीशी वाटली. शनिवारवाडा तेव्हा भरात होता. ज्यांच्या हाती तो पुढे जायचा होता, त्यांना या पाथरवटानं पन्नास-साठ वर्षं आधीच दगडात ओळखलं होतं.

गाभाऱ्यापाशी तीन शिलालेख आहेत. दोन संस्कृत आणि एक फारसी. शंकराचं म्हणून बांधायला घेतलेलं देऊळ, त्यात गणपती, बांधणारे गोसावी, राज्य पेशव्यांचं, आणि भिंतीवर फारसी. मी मामाकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला फारसी वाचता येत नाही. हे मला नेहमी टोचतं. ज्या भाषेतले शब्द मी रोज मोडीत वाचतो, ती भाषाच मला येत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. पेशवा हा शब्द फारसी, फडणवीस अर्धा फारसी. जमीन, दस्त, वसूल, शिलेदार, हवालदार, तारीख, हे सगळे शब्द त्याच वाटेनं आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो या शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. तो कोश मोठ्या स्वाभिमानाचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तरीही पुढच्या शंभर वर्षांचे कागद उघडले की फारसी शब्द आपापल्या जागी बसलेले दिसतात, कारण तोवर ते मराठीच झाले होते. पालेर्मोत हेच झालं. रॉजर राजा ख्रिस्ती, पण त्याच्या दिवाणातले कागद अरबीत निघत. ११३० मध्ये त्यानं मुकुट घेतला. त्यानंतर तीन-चार वर्षांत त्याच्यासाठी विणलेल्या लाल रेशमी झग्याच्या काठावर अरबी मजकूर आहे आणि साल हिजरी आहे.

नागझरी ओलांडून आम्ही कसब्यात आलो. वाटेत मामा पेठांची जुनी नावं सांगत होता : रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, बुधवार म्हणजे मुहियाबाद. पेशव्यांनी वारांची नावं दिली आणि जुनी पुसली गेली. त्याही आधी निजामशाहीकडून मालोजीराजांना पुणे-सुप्याची जहागीर मिळाली. त्यांच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी, नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून ठेवलेली, असं परंपरा सांगते. ज्या नावाशिवाय मराठ्यांचा इतिहास सुरूच होत नाही, ते नाव असं आलेलं आहे.

कागदीपुऱ्याच्या गल्लीशी मामा थांबला. मला वाटलं, दम लागला. पण त्याला तिथे थांबायचंच होतं. जुन्नरचे मुसलमान कागदी पेशवाईत इथे येऊन वसले. गोणपाटाचे तुकडे चुन्यात भिजवायचे, कुटायचे, नदीत धुवायचे, पुन्हा कुटायचे. लगदा हौदात कालवून चाळणीवर एक थर उचलायचा, तो भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटण्यावर सगळं अवलंबून. नीट घोटला नाही तर बोरू अडकतो आणि शाई फुटते. मामानं खिशातून हातरुमाल काढून ओट्यावर पसरला आणि तळव्याच्या गादीनं घोटून दाखवला, लांब, एकाच दिशेनं. "जुना कागद तिरपा धरला ना," तो म्हणाला, "की दगड कुठून कुठे गेला ते दिसतं. अक्षर कारकुनाचं असतं, पण त्याच्याखाली कागद्याचा हात असतो. मला अक्षर वाचता येतं. हात नुसता दिसतो."

पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. (रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं फडकं, तोही शब्द फारसीच.) ब्राह्मण कारकुनांनी मोडीत लिहिलेलं एक सबंध राज्य अशा कागद्यांच्या मेहनतीवर टिकून आहे. आणि पालेर्मोच्या दफ्तरखान्यात युरोपातला सर्वांत जुना मानला जाणारा कागदी दस्त आहे, ११०९ चा. रॉजर लहान असताना त्याची आई आदेलासिया कारभार पाहत होती, तिनं काढलेला हुकूम, ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत. युरोपात चामड्यावर लिहीत होते तेव्हा या बाईनं अरबांकडून आलेला कागद वापरला. कागदीपुऱ्यात आज मला कुठे लगदा वाळताना दिसला नाही. दुचाक्यांची रांग होती आणि एका खिडकीत वाळत घातलेले कपडे.

नदीच्या बाजूला थोरला आणि धाकटा शेख सल्ला असे दोन दर्गे आहेत. तिथे आधी नारायणेश्वर आणि पुण्येश्वर ही देवळं होती, अशी नोंद १८८५ च्या पुणे गॅझेटियरात आहे, आणि त्यावरून आजही वाद आहे. मी ही जागा वाटेतून वगळणार नाही. पालेर्मोचं कॅथेड्रलही आधी चर्च, मग मशीद, मग पुन्हा चर्च झालंय; त्याच्या दक्षिण दारातल्या एका खांबावर अजून कुराणातली ओळ आहे. ज्या रॉजर राजानं अरबी छत डोक्यावर घेतलं, त्याच्याच नातवानं, दुसऱ्या फ्रेडरिकनं, तेराव्या शतकात सिसिलीच्या मुसलमानांना उचलून इटलीतल्या लुचेरा गावी नेऊन टाकलं. सरमिसळ म्हणजे सलोखाच असतो असं नाही. कधी ती जबरदस्तीनं होते, कधी गरजेपोटी, कधी नुसत्या शेजारानं. पण दगड एकदा लागला की तो सगळ्यांचा इतिहास सांगतो, आणि तो सगळा ऐकायची तयारी हवी.

शनिवारवाड्यात आम्ही फार रेंगाळलो नाही. १७३० मध्ये पाया घातला, १८२८ च्या आगीत आतलं गेलं. दिल्ली दरवाजा आणि वरचा नगारखाना उभा आहे. आत कमळाच्या आकाराच्या हजारी कारंज्याची रचना दिसते. बागेत पाणी खेळवायची ही हौस मोगलांकडून आलेली, आणि मोगलांकडे ती इराणातून.

या वाटेवरची माझी सर्वांत आवडती जागा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावानं बांधला. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. त्याच्या दर्शनी सज्जाचे खांब एकदा मान वर करून शांतपणे पाहा. यांना सुरूचे खांब म्हणतात. खाली पानांची घडी असलेला घट, त्यातून खांब वर येतो, पोटात किंचित फुगतो, मग निमुळता होत जातो, अंगभर उभ्या पन्हाळ्या. वरच्या टोकाला केळफुलं लोंबतात आणि दोन खांबांमध्ये पाकळ्यापाकळ्यांची महिरप. सुरू हे इराणी बागेतलं झाड. शायरांनी प्रेयसीच्या उंच बांध्याला त्याची उपमा दिली, मोगलांनी ते दगडात कोरलं आणि पुण्याच्या सुतारानं सागवानात उतरवलं. वर मात्र त्यानं केळफूल लावलं, कारण त्याच्या परसात सुरू नव्हता, केळ होती.

मी पालेर्मोत त्या पोळ्यासारख्या छताखाली मान दुखेपर्यंत उभी राहिले आणि मनात म्हणत होते, असं काही आपल्याकडे असतं तर. सदाशिव पेठेत माझं आजोळ. या सज्जाखालून शाळेत गेले आहे, पावसात इथे थांबले आहे. पाहिलं नव्हतं. मामा म्हणाला, "तुझ्या आजोबांच्या वाड्यात माजघराला असेच चार होते. वाडा पाडला तेव्हा लाकूडवाल्यानं नेले." काय भावानं नेले, ते त्यानं सांगितलं नाही. पेठेतले वाडे पडताना हे खांब असेच गेले, ट्रकमधून, आडवे. म्हणून जे उभे आहेत त्यांच्यापाशी आपल्या मुलांना हात धरून आणलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

पालेर्मोत एका दुपारी मी डोक्याला शिरस्त्राण घालून जमिनीखाली उतरले होते. अरबांच्या विद्येनं खोदलेले तिथले पाण्याचे बोगदे, कनात. घोट्यापर्यंत थंड पाणी, डोक्यावर मधूनमधून उजेडाची विहीर. तेव्हाही पुणंच आठवलं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तिथून शहरात पाणी आणलं, दगडी बांधीव नळातून, आणि वाटेत हवा खेळायला उच्छ्वास ठेवले. कनात भूगर्भातलं पाणी गोळा करतो, कात्रजचा नळ तलावातलं आणतो, तेवढा फरक. पण जमिनीखालून नुसत्या उतारावर पाणी चालवायची ही कला दख्खनमध्ये रुजली होती. मलिक अंबर या हबशी वजिरानं सतराव्या शतकात पूर्वीच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर खेळवला होता. पुण्यात नळ पेठापेठांतल्या हौदांना जोडला होता. हौद हा शब्दही अरबीच. फडके हौद, नाना हौद, पंचहौद. कुठे हौद उरले, कुठे फक्त रिक्षावाल्याला सांगायचं नाव.

पण हौदाचं पाणी सगळ्यांना मिळत नव्हतं. म्हणून आमची वाट गंज पेठेत वळली. तिथे महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरातला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुण्याच्या मोठेपणाची कुठलीही वाट या घरावरून गेलीच पाहिजे. भिंतींत इराण, माळवा, राजस्थान मिसळू शकत होतं, आणि शेजारच्या माणसाच्या घागरीला मात्र हौदाचा काठ बंद होता. मामा तिथे काही बोलला नाही. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि आत गेला.

दुपार झाली होती. क्वार्टर गेटच्या अलीकडे सिटी चर्च लागतं. पेशव्यांच्या फौजेत गोवेकर आणि पोर्तुगीज ख्रिस्ती होते. त्यांना प्रार्थनेसाठी १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी जागा दिली. तिथून आम्ही लष्करात गेलो, मोलेदिना रस्त्यावरच्या लाल देवळापाशी. बगदादहून आलेले डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. त्यांनी सुरू केलेलं हे ज्यूंचं सिनेगॉग १८६७ मध्ये पुरं झालं. लाल विटा, काळा दगड, टोकदार कमानी, आणि नव्वद फुटी मनोरा. आवारातच ससूनांची समाधी. बगदादी ज्यू, इंग्रजी गॉथिक घाट, आणि पुणेकरांनी त्याला नाव काय द्यावं? देऊळ. आत जायला परवानगी लागते, ती आम्ही काढली नव्हती, फाटकातूनच पाहिलं.

समोरच्या झाडाखाली टेकलो तेव्हा मी मामाला १८७४ च्या हगादाबद्दल सांगितलं. वल्हांडणाच्या रात्री ज्यू कुटुंबं मिळून वाचतात ती पोथी. बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेले आपले मराठी ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. ते आपल्या धर्मकथांची कीर्तनंसुद्धा मराठीत करत. त्यांच्यासाठी ही पोथी पुण्यात छापली, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. तिच्यातल्या चित्रांत बायका सणाची बेखमीर भाकरी करतायत : लुगडं नेसलेल्या, जमिनीवर बसलेल्या. मिसरमधून सुटकेची गोष्ट, आणि ती सांगणाऱ्या बायका आपल्या स्वयंपाकघरातल्या.

"म्हणजे तुझी ती पाटी," मामा म्हणाला.

"हो. आन्नाची."

त्यानं माझी वही मागितली. सकाळपासून मी तिच्यात वाट काढत आले होते. त्रिशुंड, कागदीपुरा, विश्रामबाग, फुल्यांचा वाडा, लाल देऊळ, मध्ये बाण. चष्मा सारखा करून त्यानं खालच्या कोऱ्या जागेत एक ओळ मोडीत लिहिली, हात न उचलता, सलग. मला मोडी येत नाही, पण पहिला शब्द ओळखता आला. आईचं नाव होतं. त्यापुढे त्यानं शके लिहिलं, महिना, पक्ष आणि तिथी.

मग पेन माझ्या हातात दिलं. मी खाली देवनागरीत तिचं नाव लिहिलं आणि पुढे तारीख.